सहावी अट

आमच्या घरात मुलीच्याही गळ्यात लिंग असतं. सकाळी आंघोळ झाली की कपाळाला विभूती लावून, ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची. नजर लिंगावर ठेवायची आणि पूजा होईपर्यंत मागे वळायचं नाही, बोलायचं नाही. लातूरला आई मला लहानपणी बजावायची, "घराला आग लागली तर ऊठ, दुसऱ्या कशाला उठायचं न्हाई." पीएच.डी.साठी नांदेडला खोली घेऊन राहिले तेव्हाही मी हा नेम मोडला नाही. रोज अर्धा तास, पूर्वेच्या भिंतीकडे तोंड करून.

माझ्या पाठीमागे, त्याच खोलीत, माझी मैत्रीण तिच्या कॉटवर बसून लिहीत असायची. तिच्या पेनाची खरखर मला ऐकू यायची. मध्येच ती थांबायची, पान उलटल्याचा आवाज व्हायचा, की पुन्हा सुरू. मला तो आवाज फार आवडायचा. एकीने पूजा करावी, दुसरीने अभ्यास करावा आणि मग दोघींनी मिळून चहा प्यावा, यापेक्षा चांगली सकाळ मला माहीत नव्हती. मी सांगणार आहे ते त्या आवाजाबद्दलच आहे.

ती धर्माबादची. माझ्याहून दीड वर्षाने लहान. तिच्या घरी अर्धं तेलुगू, अर्धं मराठी चालायचं. पहिल्याच दिवशी तिने मला अक्का म्हणून हाक मारली. आमच्याकडे थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळे मला धाकटी बहीण मिळाल्यासारखंच झालं. सुट्टीवरून येताना ती घरची मिरची आणायची आणि मला एका वेळी एवढीशीच वाढायची. "तुम्हा लातूरवाल्यांना झेपायची न्हाई," म्हणायची. मला ताप आला की डब्यातली खिचडी हाताने भरवायची. हे सगळं खरं होतं, हे मी आजही सांगेन. म्हणूनच राग जात नाही.

आम्ही दोघी एकाच सरांकडे होतो आणि एकाच विषयावर. विषय घरी सांगताना माझी तारांबळ व्हायची. वडिलांचं लातूरला कापडाचं दुकान. त्यांना मी असं सांगितलं होतं: दोन आरसे समोरासमोर ठेवायचे आणि मधल्या जागेत थोडासा प्रकाश कोंडायचा. थोडासा म्हणजे मोजून दोन-चार कण. आता एक आरसा सरकवला की मधली जागा कमी होते, आणि प्रकाशाला त्या नव्या जागेत मावण्यासाठी स्वतःला बदलावं लागतं. अशा रीतीने त्या कणांना आपल्याला हवं तसं वागवता येतं. पुढेमागे जी क्वांटम यंत्रं येणार आहेत, त्यांना हीच कला लागणार आहे.

"मग सरकवा की आरसा," वडील म्हणाले.

तिथेच गोम होती. आरसा हळूहळू सरकवला तर प्रकाश बिचारा सावरून घेतो, पण तेवढा वेळ तो आत टिकतच नाही, निसटून जातो. घाईने सरकवला तर बिथरतो, आणि नको असलेले जादा कण तयार होतात. म्हणून आरशाची अशी चाल शोधायची, की ती झटपट तर संपेल, मधे प्रकाशाची कितीही धांदल उडाली तरी चालेल, पण शेवटी तो असा शांत असेल जणू आपण सावकाशच गेलो होतो. आता इतक्या वेगाने काचेचा आरसा कुणी हलवू शकत नाही. प्रयोगशाळेत एका अतिथंड पेटीत विजेची एक बारीकशी रचना असते. तिच्यातलं चुंबकीय क्षेत्र बदललं की प्रकाशाला आरसा सरकल्यासारखंच वाटतं. ते क्षेत्र कसं बदलायचं याचं गणित कागदावर करायचं, आणि ते माझं काम.

सर मूळचे उदगीरचे. त्यांच्या वडिलांची धान्याची आडत होती आणि तिथे प्रत्येक पोत्याचं माप दोन मापाडी वेगवेगळं करायचे. सरांनी तीच रीत भौतिकशास्त्रात आणली होती. कोणतंही महत्त्वाचं गणित दोघांनी करायचं, एकमेकांना एक अक्षरही न दाखवता. आठवडा संपला की दोन्ही वह्या सरांच्या कपाटात जायच्या. सोमवारी सर त्या टेबलावर शेजारी शेजारी मांडत आणि पट्टी धरून ओळीमागून ओळ खाली येत. उत्तर जुळलं की शेवटच्या पानावर सही. जुळलं नाही तर दोघांनाही पहिल्यापासून. "एकट्याचं माप म्हणजे माप न्हाई," ते म्हणायचे. बाहेरची माणसं हसायची, पण सरांची सही असलेलं गणित तोवर कधी चुकलेलं नव्हतं.

त्यांनी आमची जोडी लावायला आधी नकार दिला होता. "एका खोलीत राहणाऱ्या दोघी? बिलकुल नाही," म्हणाले. मीच हट्ट केला. म्हटलं, "सर, तिची हमी मी घेते." हे वाक्य मी स्वतः, माझ्या तोंडाने, उभी राहून बोलले आहे. सर म्हणाले, "ठीक आहे. वही कुलपात ठेवत जा."

मी कुलूप विकतही आणलं. पण तिच्यासमोर पेटीला कुलूप लावायचं म्हणजे तिच्या तोंडावर तिला चोर म्हणायचं. जी मुलगी मला खिचडी भरवते तिच्यासमोर? मी वही ओढणीत गुंडाळून उशीखाली ठेवायला लागले. कुलूप तसंच कोरं राहिलं.

हे गणित साधं नव्हतं, कारण त्यावर माझं पुढचं सगळं टांगलेलं होतं. दक्षिणेकडच्या एका मोठ्या संस्थेची प्रयोगशाळा आमची चाल तिच्या यंत्रावर चालवून बघायला तयार झाली होती. तिथल्या प्रमुख बाईंनी सरांना स्पष्ट कळवलं होतं, चाल नीट चालली तर जिने ती काढली तिला आम्ही दोन वर्षांसाठी इथे कामाला घेऊ. आमच्या विद्यापीठातून तिथे तोवर कुणी गेलेलं नव्हतं. मला जायचं होतं. मला इतकं जायचं होतं, की त्या शहरातली थंडी कशी असते हे मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारत होते.

आठवडाभर मी लिहीत होते. सकाळी पूजेला बसले की मागे तिचं पेन सुरू व्हायचं. मला वाटायचं, हीसुद्धा किती झटतेय.

सोमवारी सरांची पट्टी खाली सरकत गेली. अकरा पानं. शेवटच्या ओळीवर पट्टी थांबली आणि सर हसले. सर हसलेले आम्ही क्वचितच पाहिले होते. दोन्ही वह्यांची उत्तरं एकच होती. सरांनी सही केली, कॅन्टीनमधून चहा मागवला. ती माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "अक्का, तू आता चाललीस बघ." तिचे डोळे भरले होते. माझेही.

चाल प्रयोगशाळेला गेली. मी लातूरला फोन केला आणि आईला म्हटलं, अजून कुणाला सांगू नको. वडिलांनी संध्याकाळपर्यंत दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून टाकलं. साडीची घडी मोडता मोडता ते आरशांची गोष्ट सांगायचे म्हणे.

तीन आठवड्यांनी त्या बाईंचा फोन आला. सरांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. बाई शांतपणे म्हणाल्या, चाल चालवून बघितली. आरसा थांबेपर्यंत सगळं तुम्ही म्हणता तसंच होतं. पण तो थांबल्यानंतर आत जादा कण सापडताहेत. पुन्हा पुन्हा केलं, तेच. तुम्ही तपासलं होतं ना?

"दोन वह्यांनी," सर म्हणाले. त्या आवाजात केवढा अभिमान होता!

मला खात्री होती की चूक प्रयोगशाळेची आहे. चाल मी आधी संगणकावरही चालवून बघितली होती. मोठी यंत्रं, मोठी माणसं, त्यांचंच काहीतरी हुकलं असणार, असं मनाशी म्हणत मी शनिवारी लातूरच्या एसटीत बसले. फणफणत होते. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी आत आली, ड्रायव्हरने एकसारखा ब्रेक दाबून ठेवला, गाडी थांबली. पूर्ण थांबली. आणि मग आम्ही सगळे मागे आपटलो. शेजारच्या मावशींच्या हातातली पिशवी सुटली. "थांबली की आता, मग हिसका कशाचा?" त्या वैतागून म्हणाल्या.

वेग शून्य झाला होता. पण ब्रेकचा जोर शून्य झाला नव्हता, तो थांबण्याच्या क्षणी एकदम सुटला होता. माझ्या आरशाचं तेच झालं होतं. आरशाच्या चालीला सहा अटी लागतात: सुरुवातीला तो कुठे आहे, त्याचा वेग किती, तो वेग कसा बदलतोय, आणि शेवटी पुन्हा हेच तीन प्रश्न. मी पाचच लिहिल्या होत्या. शेवटची राहिली होती. संगणकाचा प्रोग्रॅमही माझाच, आणि तो आरसा थांबला की थांबायचा, पुढचं बघायला मी त्याला सांगितलंच नव्हतं.

मी अहमदपूरलाच उतरले आणि परतीची गाडी धरली. स्वतःवर चिडले होते, पण त्याहून एक विचित्र गोष्ट मनात फिरत होती. माझी एक अट राहिली, मान्य. पण तिची कशी राहिली? ती तर माझ्यापेक्षा नेमाने अटींची यादी करायची. लोह्यापर्यंत मी स्वतःला समजावत होते की होतं असं, दोघी एकाच पुस्तकातून शिकलोय. नांदेड आलं तेव्हा मी समजावणं सोडलं होतं.

सोमवारी मी सरांना चूक सांगितली. त्यांनी कपाटातून दोन्ही वह्या काढल्या, तिलाही बोलावून घेतलं. पट्टी पुन्हा फिरायला लागली, पण आता सर उत्तर बघत नव्हते, प्रत्येक ओळ वाचत होते. चौथ्या पानावर ते थांबले. तिथे एका राशीला दोनने गुणायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. सहाव्या पानावर मी दुसऱ्याच ठिकाणी दोनने जास्त गुणलं होतं, आणि चुकीने चूक भरून निघाली होती. उत्तरावर परिणाम नाही, म्हणून पहिल्या खेपेला ते कुणाच्या नजरेत आलं नव्हतं. दोन माणसांचं उत्तर सारखं येऊ शकतं. दोघींच्या हातून चौथ्या पानावर दोन हरवून सहाव्या पानावर तो सापडत नाही.

तिच्या वहीतही तो चौथ्या पानावर हरवला होता आणि सहाव्यावर सापडला होता.

सरांनी पट्टी बाजूला ठेवली. "कुणी कुणाचं बघून लिहिलं?"

मी तिच्याकडे बघितलं. ती स्वतःच्या चपलांकडे बघत होती. मी वाट बघितली. खरंच वाट बघितली, ती आता बोलेल, आता बोलेल म्हणून. माझी अवस्था मोठी मजेची होती. मी निर्दोष आहे हे सांगायचं तर ही चूक माझी आहे, हो, माझीच आहे, असं भांडून सांगावं लागणार होतं. हरवलेल्या म्हशीवर हक्क सांगावा तसा मला माझ्या चुकीवर हक्क सांगायचा होता.

"सर, चूक माझी आहे," मी म्हटलं.

"मी ते विचारलं नाही."

ती गप्प. "हिने चोरलं" हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. हमी मीच घेतली होती ना.

सरांनी दोन्ही वह्या मिटल्या. "मी सही केली होती," एवढंच म्हणाले. त्यांनी त्या बाईंना काय कळवलं मला माहीत नाही. दुरुस्त केलेली चाल त्यांनी दुसऱ्या दोन विद्यार्थ्यांकडून नव्याने करून घेतली. ती चालली. लेख छापून आला, आणि शेवटी आभारात आमची दोघींची नावं एकाच ओळीत होती. दक्षिणेला गेला तो त्या दोघांतला एक. वडिलांनी दुकानात आरशांची गोष्ट सांगायची बंद केली, आणि मला एका शब्दानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

वह्या पुन्हा उघडल्या त्या सोमवारीच, दुपारी खोलीवर मी तिला विचारलं होतं. ती कॉटवर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"मला येतच न्हवतं, अक्का. तिसऱ्या पानाच्या पुढं काही सुचूनच न्हाई राहिलं."

"मग मला सांगायचंस. मी शिकवलं असतं."

"तू शिकवलं असतंस तर ती माझी वही कशी झाली असती? सरला दोन वह्या पाहिजे होत्या."

मी ओरडले. "सरांसमोर तोंड का उघडलं नाहीस?"

"लई भ्याले. काढून टाकलं असतं मला." मग ती रडायला लागली. "आन् तुझं कधी चुकतच न्हाई ना. लई भरोसा होता तुझ्यावर."

भरोसा! हा शब्द तिने वापरला. तिचा भरोसा माझ्या गणितावर होता. माझा तिच्यावर होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी पुस्तकात वाचलं होतं, पण कापणारी आपल्यासमोर हमसून हमसून रडते आणि तिचे डोळे पुसावेत असं आपल्याच हाताला वाटतं, हे कुणी लिहिलं नव्हतं.

"कधी उतरवलंस?" मी शेवटी विचारलं. "वही तर उशीखाली असायची."

तिने मान वर केली नाही. "सकाळी. तू पूजेला बसलीस की. तू मागं बघत न्हाईस म्हणून."

मी त्या आठवड्यात खोली सोडली.

पीएच.डी. पुढे दुसऱ्या विषयावर झाली, उशिरा झाली. आता मी लातूरला एका कॉलेजात शिकवते. पूजा रोज करते. फक्त जागा बदलली आहे. पाठ भिंतीला टेकवून बसते आणि समोर दार येतं. आई कुरकुरते, "दारातनं जाणाऱ्या-येणाऱ्याकडं लक्ष जातं की गं तुझं." जातं, मला माहीत आहे. लिंगावरून नजर उचलून मी दाराकडे बघते, दिवसातून एकदा तरी.

मागच्या वर्षी धर्माबादहून एक पाकीट आलं. ती तिथल्या शाळेत शिकवते असं ऐकून होते. पाकिटात वही होती. वर एक चिठ्ठी: "अक्का, हे मी केलं. पहिल्यापासून, एकटीने. तू तपासून दे." आतमध्ये तेच गणित. सरकणारा आरसा, कोंडलेला प्रकाश, सहाच्या सहा अटी. चौथ्या पानावरचा दोन जागेवर होता. अक्षर तिचंच, सुबक, एकही खाडाखोड नाही.

रविवारभर मी ती वही घेऊन बसले. पट्टी घेतली आणि सरांसारखी ओळीमागून ओळ खाली आले. सगळं बरोबर होतं. मग पुन्हा वरून सुरुवात केली. मी चूक शोधत होते. एक तरी चूक, साधी, बावळट, तिची स्वतःची, जी माझ्या वहीत नव्हती आणि त्या छापलेल्या लेखातही नव्हती. तशी एक जरी सापडली असती तर मी त्याच दिवशी धर्माबादची गाडी धरली असती.

सापडली नाही. तिने खरंच स्वतः केलं असेल. लेखावरून उतरवलंही असेल. कुठलं, हे मला त्या वहीवरून सांगता येत नाही, आणि तिला विचारलं तर ती जे सांगेल त्यावरूनही नाही. वही माझ्या कपाटात आहे. तपासून अजून परत पाठवलेली नाही. कपाटाला कुलूप आहे, नांदेडला घेतलेलं, तेच.